मले सांगू नोको

गोंदियात लाइट गेली की लोक आधी पंख्याकडे बघायचे, मग वीजवाल्यांना शिव्या द्यायचे. आमचे सर मात्र शर्टाची बटणं सोडायला लागायचे.

यात लाजण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. समोर आम्ही मुली असू नाहीतर खुद्द प्राचार्य उभे असोत, सर जरासे पाठमोरे व्हायचे, प्रयोगशाळेतल्या उबवणीच्या पेटीतून काचेच्या छोट्या नळ्या एकेक करून काढायचे आणि बुचं घट्ट आहेत का ते अंगठ्याने दाबून बघायचे. आईच्या जुन्या लुगड्याचा त्यांनी एक पट्टा शिवून घेतला होता, त्याला खण होते. त्या खणांत नळ्या खोचून पट्टा पोटाला गुंडाळायचा, त्यावर बनियान, त्यावर शर्ट, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातसुद्धा वर एक हिरवा स्वेटर. नळ्यांमध्ये माणसाच्या रक्तातल्या पेशी वाढत असायच्या. त्यांना तीन दिवस सलग माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते. दोन हजार सालानंतरची ती वर्षं, लोडशेडिंग म्हणजे रोजचंच. पेटी थंड पडली की सर स्वतः पेटी व्हायचे.

"लाइट जाते. मी कुठं जाऊन राहिलो?" असं ते म्हणायचे आणि पोट सांभाळत, ताठ मानेने, चॉक घेऊन फळ्याकडे वळायचे.

त्यांचं गाव चिचगडच्या पुढे, जंगलात. म्हातारी आई तिकडेच असायची. एकदा नळ्या पोटाला असतानाच आईचं बरं नसल्याचा निरोप आला. सर तसेच एसटीत चढले. गर्दीत कोणाचा तरी कोपर लागला तसे हे ओरडले. कंडक्टरने विचारलं, "काय बांधलं बे पोटाले?" सर खरं बोलणारे. म्हणाले, "रक्त आहे. जितं आहे. धक्का लागू देऊ नोका." त्यानंतर देवरीपर्यंत त्यांच्या बाकावर कोणी बसलं नाही. सरांना वाटलं, गोंदिया जिल्ह्यातल्या लोकांना विज्ञानाची फार कदर आहे. आम्हाला त्यांनी ही गोष्ट याच अर्थाने सांगितली होती.

मी त्यांच्याकडे एम.एस्सी.ला होते. कॉलेजातले बाकीचे मास्तर प्रकल्पाचा विषय पुस्तकातून काढून द्यायचे. सरांची रीत वेगळी. पहिल्याच दिवशी आम्हाला ओळीत बसवून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घरी कायचा वास येते?"

एकाच्या घरची राइस मिल होती. त्याने सांगितलं, कोंड्याचा. एकीची आई बिड्या वळायची, तिने तेंदूपत्त्याचा वास सांगितला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, दातांच्या औषधाचा. वर्ग हसला, पण सर हसले नाहीत. "कसा वास? गोड का उग्र?" उग्र, म्हटलं, नाकातून डोक्यात जाणारा. ते म्हणाले, "मंग तेच तपास. ज्या वासात लहानाची मोठी झाली, तो वास पेशीले काय करते ते पाह." त्या दिवसापासून राइस मिलवाल्याचं नाव कोंडा पडलं, बिडीवालीचं तेंदू, आणि माझं दात. आडनावं त्यांनी कधी विचारलीच नाहीत. "ए दात, इकडं ये," अशी हाक भर कॉरिडॉरमध्ये यायची आणि मी मान खाली घालून जायची. आता तशी हाक कोणी मारत नाही. मारावी असं फार वाटतं.

माझे बाबा दात बनवायचे. म्हणजे दाताचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे आणि बाबा त्यावरून कवळी बनवायचे. बाजारातल्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं. पण त्यांचं नाव झालं होतं ते दुरुस्तीसाठी. कोणाची कवळी पडून तुटली, कोणाला पुढचा एक दात घालून हवा असला, की तिरोड्याहून, आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावहून माणूस बसने यायचा, तोंडाला गमछा लावून बाकावर बसायचा आणि अर्ध्या तासात हसत बाहेर पडायचा. नवी कवळी बाबा साच्यात घालून पाण्यात शिजवायचे, त्याला बराच वेळ लागतो. दुरुस्तीचं औषध, म्हणजे पूड आणि पातळ द्रव कालवून केलेला लगदा, मात्र न शिजवताच गोठायचं, कारण त्या द्रवात कंपनीने आधीच एक वेगळं रसायन मिसळलेलं असायचं. ते लवकर गोठवणारं रसायन किती बरं, किती वाईट, हा सरांनी मला दिलेला प्रश्न. घरी सांगितला तेव्हा बाबा हातातली कानस ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"म्हनजे मीच लोकाइच्या तोंडात काहीतरी ठेवून राहिलो का, हे तू पाहणार?"

"पाहू नको का?" मी विचारलं.

त्यांनी कानस पुन्हा उचलली. माझ्या आईच्या पुढच्या दोन दातांचा तुकडाही त्यांनीच, त्याच औषधाने बसवला होता. मग म्हणाले, "पाह. पन सरले सांग, खरं निघन तेच सांगा म्हना. पोरीचा बाप आहे म्हनून गोड बोलू नोका."

सरांना हे सांगायला गेले तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "मले सांगू नोको! औषध कोनाचं, दुकान कोनाचं, काही सांगू नोको!"

हे त्यांचं पालुपद होतं, आणि त्यांची सगळी तऱ्हा या तीन शब्दांत मावायची. काचेवरच्या पेशी मोजणाऱ्याला कोणती काच कशाची आहे हे ठाऊक असता कामा नये, नाहीतर डोळा आपल्याला हवं ते बघतो, असा प्रयोगशाळेचा नियमच आहे. तो सगळेच पाळतात. सरांनी तो घरी नेला. उत्तरपत्रिका तपासताना शिपायाकडून पहिलं पान आधी दुमडून घ्यायचे. क्रिकेटची मॅच लागली की कोणता संघ कोणता हे न विचारता नुसते फटके बघायचे आणि दोन्हीकडच्यांना टाळ्या वाजवायचे, त्यामुळे पानटपरीवर त्यांना कोणी उभं करत नसे. लग्नाचं वय होतं तेव्हा मामाने स्थळ आणलं. सर म्हणाले, "नाव, गाव, जात, काही सांगू नोका. पोरगी भांडते कशी तेवढंच सांगा." मामा उठून गेला तो पुन्हा स्थळ घेऊन आला नाही. सर एकटेच राहिले.

आणि तोंडात सदा खर्रा. तंबाखू-सुपारीची ती पुडी खिशात ठेवून हा माणूस आम्हाला पेशींना काय काय इजा करतं ते शिकवायचा. एकदा मी धीर करून विचारलंच, "सर, अन् हे?" ते गालातला तोबरा दुसऱ्या बाजूला सारून म्हणाले, "हे खराब आहे, मले माहीत आहे. माहीत नसतं तर तपासलं नसतं का?"

तपासणी ऐकायला किचकट वाटते, पण सर ती दोन वाक्यांत समजवायचे. पेशी दुभंगते तेव्हा तिच्यातल्या वारशाचे धागे दोन्हीकडे सारखे वाटले जातात. एखादा धागा तुटलेला असला तर त्याचा तुकडा वाटेत मागे राहतो आणि मोठ्या ठिपक्याशेजारी एक बारका ठिपका दिसतो. असे बारके ठिपके जास्त, तर औषध वाईट. बारक्या ठिपक्याला ते पिल्लू म्हणायचे. बाबांकडून मी औषधाचे गोठवलेले तुकडे आणले. ते पेशींच्या खाऊच्या पाण्यात भिजवायचे आणि ते पाणी नळीतल्या पेशींना पाजायचं. काही नळ्यांना शिजवलेल्या तुकड्याचं पाणी, काहींना न शिजवलेल्या ताज्या तुकड्याचं, काहींना काहीच नाही, म्हणजे त्या साध्या. रक्त कोंड्याने आणि त्याच्या मित्राने दिलं. पेशींचा खाऊ नागपूरहून बर्फाच्या डब्यात यायचा आणि तो जेमतेम दोन खेपांपुरता मिळाला होता.

तीन दिवसांनी पेशी काचांवर पसरून रंगवायच्या, काचांवर खुणा मी घालायच्या आणि सरांनी मोजायचं. पण खुणा मला ठाऊक, म्हणून मोजताना मी खोलीत थांबायचं नाही. "तुहं तोंड लय बोलते," असं म्हणून ते मला बाहेर पायरीवर बसवायचे. मोजायला त्यांच्याकडे चिंचोके आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा. पिल्लू दिसलं की एक चिंचोका डब्यात. डोळा सूक्ष्मदर्शकावरून न उचलता मोजता यावं म्हणून ही युक्ती. काच मी दाराशी द्यायची, पायरीवर जाऊन बसायची, आणि आतून आवाज यायचा. टण.

कोणती काच आत आहे हे फक्त मला ठाऊक होतं. बाबांच्या ताज्या तुकड्याची काच दिली आणि डबा वाजायला लागला तो थांबेचना. टण, टण, टण. खरं तर साध्या काचांनाही तो तसाच वाजत होता, पण माझे कान फक्त बाबांच्या काचेपुरतेच उघडे होते. संध्याकाळी घरी गेले. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, ते दुकानात गेले, औषधाची बाटली फडताळात ठेवली आणि शटर ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी सालेकशाहून एक बाई तुटकी कवळी रुमालात बांधून आली, तिला त्यांनी औषध संपलं म्हणून परत पाठवलं. त्यांना खोटं बोलता येत नसे, ते भिंतीकडे बघून बोलले. रात्री जेवताना ते आईच्या दातांकडे बघत होते. आईला ते कळलं, तिने पदर तोंडावर घेतला आणि वाढत राहिली.

चौथ्या दिवशी सगळ्या काचा मोजून झाल्या. सर आकडे वाचत गेले, मी कोणती काच कशाची ते सांगत गेले. ताजा तुकडा, वाईट. शिजवलेला, तोही वाईट. साध्या नळ्या, ज्यांना काहीच पाजलं नव्हतं, त्याही वाईट. सर खुर्चीत मागे रेलले. त्यांचा चेहरा लाल होता, आणि हिरव्या स्वेटरात ते कुडकुडत होते. मला तेव्हा कुठे दिसलं.

"सर, तुम्हाले ताप आहे?"

"जराशी कणकण आहे. सातआठ दिवस झाले." आणि बोलता बोलता ते थांबले. सात-आठ दिवसांपूर्वी नळ्या कुठे होत्या हे दोघांनाही एकदमच आठवलं. त्या आठवड्यात लाइट जास्त वेळ गेलेलीच होती.

त्यांनी सुई घेतली, स्वतःच्या बोटाला टोचली, काचेवर रक्ताचा थेंब पसरला आणि आमच्या पेशी रंगवायच्या त्याच जांभळ्या रंगात तो रंगवला. सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघितलं. मग बाजूला सरकून म्हणाले, "ये, पाह." तांबड्या पेशींच्या आत बारीक अंगठ्या दिसत होत्या. मलेरिया. आमच्या भागात तो काही नवीन नाही, पण एवढा आनंद झालेला रोगी मी अजूनपर्यंत पाहिलेला नाही. "पेशीइले माहाच ताप चढला!" असं म्हणत ते टाळ्या पिटत होते, आणि दात वाजत असल्यामुळे शब्द तुटत होते. "औषधाचा काही गुन्हा नाही. म्हनजे आहे का नाही, ते मालूमच नाही!"

मी सायकल दामटत घरी गेले आणि दारातूनच ओरडले, "बाबा, सरांना मलेरिया झाला!" आवाजात इतका आनंद होता की आईने मला तिथल्या तिथे झापलं. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हनजे माहं औषध बरं आहे?"

"ते अजून माहीत नाही. पुन्हा करावं लागेल."

"मंग दुकान बी तवर बंदच राहील," ते म्हणाले.

सर दवाखान्यातून गोळ्या घेऊन उठेपर्यंत दोनेक आठवडे गेले. दुकान बंद ते बंदच. रोज सकाळी बाबा तिथे जायचे, जागा झाडायचे आणि परत यायचे. पेशींचा खाऊ आता एकाच खेपेपुरता उरला होता आणि सरांच्या पोटावर कोणाचाच विश्वास राहिला नव्हता, सरांचाही नाही. तेव्हा कोंडा म्हणाला की त्याच्या काकांची गोरेगावजवळ अंडी उबवायची मशीन आहे आणि तिला स्वतःचा जनरेटर आहे. सरांनी कोंड्याला मिठी मारली. कोंबडीच्या अंड्याला लागते ती ऊब आणि माणसाच्या पेशीला लागते ती ऊब जवळजवळ सारखीच असते. हे आपल्याला इतकी वर्षं सुचलं नाही म्हणून ते वाटभर स्वतःला शिव्या देत होते.

काकाजी म्हणजे धोतर नेसणारे, धानाची मोठी शेती असलेले पोवार गृहस्थ. त्यांनी नळ्या हातात घेऊन निरखल्या. "सर, इसमें से पिल्लू निकलेंगे क्या?"

"नाही निघाले तर बरं," सर म्हणाले, "तेच पाहून राहिलो."

या वेळी सरांनी एक नळी वाढवली. म्हणाले, "माणूस कवळी काही एक दिवस घालत नाही. पानी पिते, चहा पिते. पंधरा दिवसांनी त्याच दातातून काय निघते?" म्हणून न शिजवलेल्या औषधाचाच एक तुकडा बाबांनी आठवडाभर पाण्यात ठेवला, रोज पाणी बदललं, आणि तो तिसरा तुकडा म्हणून दिला. तीन दिवस नळ्या अंड्यांच्या रांगेत बसल्या. सर मशीनजवळ खाट टाकून राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या अंगाला पिलांच्या पिसांचा वास येत होता.

मोजणीच्या दिवशी मी पुन्हा पायरीवर. साध्या काचा झाल्या, डबा अधूनमधून वाजला. निरोगी माणसाच्या रक्तातही थोडी पिल्लं असतातच. शिजवलेला तुकडाही तसाच गेला. ताज्या तुकड्याला मात्र डबा वाजला, चांगलाच वाजला. मग मी भिजवलेल्या तुकड्याची काच आत दिली आणि परत येऊन बसले. आत शांतता. बऱ्याच वेळाने एक टण. पुन्हा शांतता. मी वाट बघत होते आणि आवाज येत नव्हता. कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. आठवडाभर पाण्यात ठेवला की झालं. एवढंच तर. बाबांनी लोकांच्या तोंडात जे ठेवलं होतं ते लोकांच्याच चहापाण्याने केव्हाच धुऊन गेलं असणार, आईचंही.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि सर ओरडले, "कायले रडून राहिली? मले आयकू येते! आता मले कळलं न कोनती काच आहे ते!"

दार उघडून ते बाहेर आले, खरोखरच संतापलेले. ती मोजणी त्यांनी बाद केली. शिपायाला बोलावून सगळ्या काचांवरच्या खुणा खोडायला लावल्या, त्याच्याकडून नव्या घालून घेतल्या, मला घरी हाकललं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या काचेपासून पुन्हा मोजायला बसले. माझं रडू खुशीचं होतं की दुःखाचं हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर कळलं असतं ना.

आकडे तेच आले. त्या संध्याकाळी सर पहिल्यांदाच आमच्या दुकानाशी आले. बाबा बंद शटरसमोर बाकावर बसले होते. ते उठून उभे राहिले.

"बसा न भाऊ," सर म्हणाले. "आता सांगतो. दोन पोट्ट्याइचं रक्त, एक मास्तर अन् कोंबडीची मशीन, एवढ्यावरून मी जगाले काही सांगू शकत नाही. पन तुम्हाले सांगू शकतो. शिजवलेलं चांगलं आहे. न शिजवलेलं ताजं चांगलं नाही. तेच पान्यात ठेवलं तर साध्यासारखंच दिसते. शिजवा, नाहीतर भिजवा."

बाबांनी हात जोडले. मग वळून त्यांनी शटर वर केलं. ते इतक्या जोरात वर गेलं की शेजारचा शिंपी बाहेर आला.

त्या दिवसापासून आमच्या दुकानातली अर्ध्या तासाची दुरुस्ती संपली. तुटकी कवळी जोडून झाली की नाव चिकटवलेल्या काचेच्या बरणीत, पाण्यात, आठवडाभर. "आठ दिवस खाऊ काय, तुमचं डोकं?" असं लोक विचारायचे. बाबा म्हणायचे, पेज खा. बरेच लोक दुसरीकडे जायला लागले, डॉक्टरही मापं दुसऱ्याकडे पाठवायला लागले. बाबांनी नियम मोडला नाही. नंतर नंतर तर ते शिजवलेल्या कवळ्यासुद्धा पाण्यात ठेवायला लागले. मी म्हटलं, बाबा, त्याची गरज नाही. ते म्हणाले, राहू दे, पानी कोनाचं वाईट करत नाही.

मी पुढे पुण्याला एका प्रयोगशाळेत नोकरीला लागले. इथे लाइट जात नाही, गेली तर कळतही नाही. उबवणीच्या पेट्या माणसाएवढ्या आहेत आणि मोजणी मशीन करते. सगळं नीट चाललेलं असतं. अशा वेळी एखाद्या दुपारी मला सरांची इतकी आठवण येते की काम बाजूला ठेवून मी जिन्यात जाऊन बसते. तो डबा ऐकावासा वाटतो. कोणी तरी ओरडून बाहेर काढावंसं वाटतं.

सर निवृत्त होऊन चिचगडकडे गेले. खर्ऱ्याने त्यांच्या हिरड्या खाल्ल्या होत्या. एकेक करत सगळे दात गेले. चारेक वर्षांपूर्वी ते डॉक्टरकडून माप घेऊन बाबांकडे आले. बाबांनी फोनवर सगळं सांगितलं होतं. मेणावर दात लावून बघितले तेव्हा सरांनी आरसा मागितला आणि म्हणाले, "एवढे सरळ नोको भाऊ. माहे विद्यार्थी ओळखनार नाहीत." म्हणून बाबांनी पुढचे दोन जरा वाकडे बसवले. मग कवळी शिजवली, घासली, चमकवली आणि बरणीत ठेवली. सर म्हणाले, "शिजवली न? मंग भिजवता कायले? देऊन द्या. गावात कुरकुरीत चने-मुर्रा खायची लय इच्छा आहे." बाबा म्हणाले, "आता सात-आठ दिवसाचा तर प्रश्न आहे सर. तुमच्याच दातात कच्चं काम कसं करू?" सर हसले, बोळक्या तोंडाने, आणि बसने परत गेले.

त्याच आठवड्यात ते गेले. झोपेतच. त्यांच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा बाबा बरणीतलं पाणी बदलत होते.

"तसेच देऊन दिले असते तर मुर्रा तरी खाल्ला असता त्यानं," बाबा मला म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही त्यांचंच ऐकलंत. ते म्हणाले, "तेच तर."

दिवाळीत घरी गेले की मी दुकानात जाऊन बसते. बाबांची नजर आता अधू झाली आहे, काम जवळजवळ बंदच आहे. फडताळावर एकच बरणी आहे. पाणी स्वच्छ असतं, बाबा ते अजून बदलतात. कोणी गिऱ्हाईक विचारतं, हे दात कोणाचे? बाबा म्हणतात, "आहेत एका सरचे. नेतील." मला त्यांना थांबवता येत नाही, आणि थांबवायचंही नसतं. त्या दातांनी हसणारे सर मी एकदाही पाहिलेले नाहीत. बरणी उजेडात धरून ते दोन वाकडे दात बघत राहते आणि लहान पोरीसारखं मनात म्हणते, सर, दात तयार आहेत. या ना.